काणी खंय आसा? एका कोरियन मारधाडपटाचं पेडण्यातलं प्रकरण

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात सभागृह रिकामं असतं. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेले काले आणि जत्रा वैशाखापर्यंत आटोपतात, दशावतारी मंडळी पेटारे बंद करून शेताला लागतात, आणि देवळाला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये कॅरमबोर्डाशिवाय काही उरत नाही. तिथे आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीला भरतो आहे, पण नोव्हेंबरात कामधंदा सोडून रोज पणजी गाठणं गावातल्या किती जणांना जमणार? म्हणून भाड्याचा प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि पन्नासेक खुर्च्या.

मागच्या जुलैत आम्ही किम जी-वून या कोरियन दिग्दर्शकाचा २००८ सालचा ‘द गुड, द बॅड, द वीअर्ड’ लावला आणि हॉलमध्ये दोन तट पडले. ते भांडण, त्यामागचं कारण शोधायला आम्ही केलेली खटपट आणि दोन आठवड्यांनी तोच सिनेमा त्याच चादरीवर पुन्हा दाखवल्यावर काय झालं, ते सगळं इथे मांडतो आहे. गावोगावी सिनेमा दाखवणाऱ्या कुणाच्या तरी हे उपयोगी पडावं एवढीच इच्छा. आणि ‘नुसतं दिसायला छान, आत काही नाही’ हा शेरा आपण फार घाईनं मारतो, असं मला या प्रकरणानंतर मनापासून वाटू लागलं आहे.

सिनेमा काय आहे

काळ १९३०च्या दशकाचा, जागा मांचुरिया. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात. १९३२ साली जपाननं मांचुरियातही आपल्या तालावर नाचणारं राज्य उभं केलेलं. त्या वैराण मुलखात कोरियन परागंदा, चिनी, जपानी लष्कर, दरोडेखोर असे सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. एका आगगाडीतून एक नकाशा चालला आहे. तो जपान्यांना विकणारा श्रीमंत कोरियन स्वतःच एका भाडोत्री गुंडाला सांगतो, की जा आणि परत चोरून आण. हा गुंड म्हणजे ‘बुरा’: काळे कपडे, डोळ्यांवर आलेले केस, चेहऱ्यावर गारठा. भूमिका ली ब्युंग-हनची. बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारा ‘भला’ म्हणजे जंग वू-संग, लांब कोट आणि रुंद काठाची टोपी घातलेला. आणि या दोघांच्या आधीच गाडी लुटून, काय हाती लागलं आहे याचा पत्ता नसताना नकाशा घेऊन पळणारा तिसरा म्हणजे सॉन्ग कांग-हो, कानटोपी आणि गॉगल लावलेला.

कथा म्हणाल तर एवढीच. तिघं नकाशामागे, त्यांच्यामागे डाकूंची टोळी, सगळ्यांच्या मागे जपानी फौज.

नाव कुठून आलं ते उघड आहे. सर्जिओ लेओने या इटालियन दिग्दर्शकानं १९६६ साली ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ केला, तोही अमेरिकेच्या पश्चिमेची गोष्ट स्पेनच्या माळावर उभी करून. म्हणजे अमेरिकन मुलूख, इटालियन दिग्दर्शक, स्पेनची माती; आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन कोरियन माणसांनी चीनमधल्या गोबी वाळवंटाच्या कडेला घोडे पळवले. कोरियात १९६०-७०च्या दशकांत मांचुरियात घडणारे असे घोडे-बंदुकांचे सिनेमे निघत, त्यांचाही वारसा यात आहे. त्यात पाठलागाचा विनोद, जपानी राजवटीतला इतिहास, खजिन्याची शोधाशोध आणि तलवार-सुऱ्यांची मारामारीही आहे. दिग्दर्शकाची ख्यातीच अशी, की एक सिनेमा भुताचा, दुसरा गुन्हेगारी टोळीचा, तिसरा कुस्तीवरचा विनोदी. इथे त्यानं सगळं एका कढईत घातलं. त्या काळी कोरियातल्या सर्वांत खर्चिक सिनेमांत त्याची गणना झाली. २००८च्या मे महिन्यात तो कानच्या महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला आणि जुलैत कोरियात लागल्यावर साठ लाखांहून अधिक तिकिटं खपली. आणि कौतुकाच्या जोडीला एक तक्रार जगभर सारखी निघाली: डोळ्यांना मेजवानी, पण गोष्ट पातळ.

त्या संध्याकाळी

तक्रार आमच्याकडेही तीच निघाली. निघाली कशी, ते मात्र सांगायला हवं.

निवड माझी होती. गावातली मुलं म्हणत होती, तुम्ही सारखे हळूबाई सिनेमे लावता, जरा धावपळ दाखवा. म्हणून मी हा आणला. मराठी उपशीर्षकं करायला वेळ मिळाला नाही. इंग्रजीवर भागवलं, आणि ही माझी पहिली चूक. सात वाजता पाऊस धरला. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा आमच्या हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. संवाद तसेही कोरियन, जपानी आणि चिनी भाषांत होते, त्यामुळे त्यांचं फार अडलं नाही. पण संगीत गेलं.

तरी सुरुवात झकास झाली. आकाशातून एक ससाणा खाली झेपावतो, रुळांवरचं मेलेलं जनावर उचलतो आणि त्याच क्षणी मागून आगगाडी अंगावर येते. तिसऱ्या रांगेत आबा बसले होते. आबांनी चाळीस वर्षं दशावतारात काम केलं, राजाची भूमिका केली, राक्षसाची केली, आता नाईक, म्हणजे मंडळीला प्रसंग लावून देणारे, म्हणून बसतात. ते पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर आले. डब्याडब्यांतून कॅमेरा फिरला, कानटोपीवाला चोर पडद्यावर आला आणि आबा मोठ्यानं म्हणाले, “हो संकासुर!” हॉल हसला. मीही हसलो. या वाक्यात सगळ्या प्रकरणाचं उत्तर होतं, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

अर्ध्या तासानं कुजबुज सुरू झाली. कोण कुणाचा माणूस? नकाशा कुणाकडे? इंग्रजी ओळींत सारखं ‘पार्क’ येत होतं आणि भल्याचं आडनावही पार्क, बुऱ्याचंही पार्क. मागच्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. पुढची पोरं मात्र खुर्चीवर उभी होती. चोरबाजारातल्या लढाईत भला दोराला लोंबकळत छपराछपरांवरून झुलतो आणि झुलता झुलता बंदूक चालवतो, खाली चोर पाणबुड्याचं लोखंडी शिरस्त्राण डोक्यावर चढवून गोळ्या चुकवत फिरतो. तेव्हा पोरांच्या शिट्ट्या पावसाच्या वर ऐकू आल्या.

मग वाळवंटातला मोठा पाठलाग सुरू झाला आणि वीज गेली.

वीस-पंचवीस मिनिटं मेणबत्त्या. याच वेळात भांडण झालं. निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, ते उभे राहिले. म्हणाले, “देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण दीड तास झाला, मला एका माणसाविषयी काही वाटलेलं नाही. माणूस नसेल तर घोडा कशाला पळवायचा?” बारावीतला एक मुलगा तावातावानं म्हणाला, “मास्तर, प्रत्येक गोष्टीत निबंध नको. बघायचं असतं.” आबांनी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “बरें, बघितलंस. आता सांग. काणी खंय आसा?” म्हणजे, गोष्ट कुठे आहे?

मुलगा सांगायला लागला. चोरबाजारातली लढाई त्यानं पंचाचा दोर करून हुबेहूब करून दाखवली. कोण कुठून आला, कुणी कुणावर नेम धरला, शिरस्त्राणावर गोळी कशी टणकन लागली, सगळं. पण ‘त्या भल्याला नकाशा कशाला हवा?’ असं आबांनी विचारल्यावर तो थांबला. मग मास्तरांना विचारलं. मास्तरांना ते ठाऊक होतं, कारण त्यांनी प्रत्येक इंग्रजी ओळ वाचली होती: कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांनी त्याला त्या कामावर लावलं होतं. पण दोराची लढाई कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, हे मास्तरांना सांगता येईना. ती चालू असताना ते खालच्या ओळी वाचत होते.

वीज आली, पण अर्धा हॉल घरी गेला होता. उरलेला सिनेमा आम्ही दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मास्तर छत्री उघडून निघून गेले.

कारण शोधताना

पहिला अंदाज सोपा होता: वयाचा फरक. म्हाताऱ्यांना गोष्ट हवी, पोरांना धडाका. पण आबा सत्तरीचे, आणि आगगाडीच्या लढाईवर सर्वांत खूश तेच होते. उठून गेलेल्या बायकांत दोघी पंचविशीच्या होत्या. वय टिकलं नाही.

दुसरा अंदाज उपशीर्षकांचा. तो अर्धा खरा निघाला. अशा सिनेमात सांगण्याचं काम चित्र करतं. डोळा खालच्या ओळीवर अडकला, की वरची गोष्ट निसटते आणि मग माणूस म्हणतो, गोष्टच नव्हती. मास्तरांचं नेमकं हेच झालं होतं.

पण यानंही पुरतं उलगडेना, कारण पोरांनी ओळी वाचल्याच नव्हत्या आणि त्यांना मजा आली होती. मग त्यांच्याकडे काय होतं, जे त्या बायकांकडे नव्हतं? मी एकेकाला विचारत फिरलो. उत्तर साधं निघालं. या मुलांनी भ्रमणध्वनीवर काउबॉयचे खेळ खेळलेले, तशा सिनेमांचे तुकडे पाहिलेले. लांब कोट आणि रुंद टोपी दिसली, की हा कमी बोलणारा आणि नेमबाज. काळे कपडे आणि तिरकं हसू, की हा पाठीत गोळी घालणारा. तिघं आहेत म्हणजे शेवटी तिघांची समोरासमोर गाठ पडणार, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत ठाऊक होतं. त्यांना गोष्ट कळत होती, कारण ती ते घरून घेऊन आले होते.

इथे मला आबांचा ‘संकासुर’ आठवला.

दशावतार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. रंगमंच म्हणजे देवळापुढचं अंगण, सामान म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पलंग, तेच डोंगराचं टोक. साथीला पेटी, पखवाज, झांज. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो आणि वेद चोरलेला संकासुर येतो: काळा वेष, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो लोकांना हसवतो आणि मग विष्णू त्याला मारतो. त्यानंतर आख्यान. संहिता लिहिलेली नसते. नाईक पात्रांना प्रसंग समजावून देतो, संवाद जागेवर उभे राहतात. रात्री बारानंतर पाणी न मागता लोक पहाटेपर्यंत बसतात, आणि तिथल्या प्रत्येकाला कोण जिंकणार हे ठाऊक असतं. राजा आणि राक्षस तलवारी घेऊन झांजेवर गोल फिरू लागतात तेव्हा ‘आता काय होणार’ हे कुणी बघत नाही. वळण कसं घेतो, पवित्रा कसा टाकतो, किरीट सांभाळून गिरकी कशी मारतो हे बघतात. गोष्ट आधीच मनात बसलेली असते म्हणून डोळे मोकळे असतात.

शिगम्यातली घोडेमोडणी हा तर याहून पुढचा प्रकार. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोलताशावर माणसं पुढे-मागे नाचतात. त्यात संवाद नाही, कथानक नाही. डिचोली-सत्तरीकडच्या माणसाला विचारून पाहा, तो कधी म्हणणार नाही की यात गोष्ट कुठे आहे. त्याला ती युद्धावरून परतणाऱ्या वीरांची गोष्ट लहानपणापासून सांगितलेली असते.

म्हणजे आमच्या हॉलमधल्या भांडणात एका बाजूला खोल माणसं आणि दुसऱ्या बाजूला उथळ माणसं, असं काही नव्हतं. आख्यान ठाऊक असलेले आणि नसलेले, एवढाच फरक होता. शैलीवर उभा असलेला मिश्र मारधाडपट हा दशावतारासारखाच असतो, तो आधीच्या आख्यानाच्या उधारीवर चालतो. किम जी-वूनची गोष्ट पातळ आहे हे खरं. पण ती पातळ ठेवणं त्याला परवडतं, कारण त्याचा प्रेक्षक १९६६चा सिनेमा आणि मांचुरियातले जुने कोरियन सिनेमे डोक्यात घेऊन येतो. पेडण्यातल्या प्रेक्षकाकडे ते भांडवल नव्हतं आणि मी ते दिलं नव्हतं. ही माझी दुसरी चूक, आणि मोठी.

कुणी म्हणेल, मग ‘शोले’चं काय? १९७५ साली तोही वेस्टर्नचाच साचा घेऊन आला आणि काउबॉय न पाहिलेल्या माणसालाही तो कळला. खरं आहे. पण ‘शोले’नं उधारी फेडली. पनवेलजवळ चित्रित झालेली ती आगगाडीची लढाई आठवा. त्या धुमश्चक्रीत जय आणि वीरू जखमी ठाकूरला टाकून पळत नाहीत, हे आपल्याला दिसतं. पुढचा सगळा सिनेमा त्या एका निर्णयावर उभा आहे. कोरियन सिनेमातली आगगाडीची लढाई चित्र म्हणून त्याच्या तोडीची आहे, काही जागी मला तर सरस वाटते. पण ती संपल्यावर आपल्या हाती फक्त नकाशा लागतो. माणूस लागत नाही. मास्तरांची तक्रार नेमकी या जागी बरोबर होती, आणि ते मी त्यांना घरी जाऊन सांगितलं.

दुसरा प्रयोग

दोन आठवड्यांनी, पाऊस उघडलेल्या एका रविवारी, आम्ही पुन्हा लावला. या वेळी तीन गोष्टी बदलल्या.

मराठी ओळी मी रात्री जागून लिहिल्या, आणि लिहिण्यापेक्षा कापल्या जास्त. मारामारी चालू असताना एकही ओळ ठेवली नाही, अगदी अडल्याशिवाय. दोन्ही पार्क काढून टाकले. कोरियन शीर्षकात तिघांनाही ‘नोम’ असा शब्द लावला आहे, तो आपल्या ‘लेकाचा’सारखा जरा उद्धट, घसटीचा. म्हणून माझ्या ओळींत ते झाले ‘भला लेकाचा’, ‘बुरा लेकाचा’ आणि ‘तिरपागडा लेकाचा’. विश्वास बसणार नाही, पण एवढ्यानं अर्धा गोंधळ मिटला. दुसरं, कोण कुठल्या भाषेत बोलतो आहे हे दाखवायला जपानी संवादांच्या ओळी पिवळ्या केल्या. सत्ता कुणाची आहे ते रंगानं कळायला लागलं. १९६१ पूर्वीचा पोर्तुगीज अंमल पाहिलेली दोन-तीन माणसं हॉलमध्ये होती. पिवळी ओळ आली, की पडद्यावरची कोरियन माणसं आवाज खाली करतात, हे त्यांनी न सांगता हेरलं.

आणि तिसरं म्हणजे आबा. सिनेमाच्या आधी आबा पेटी घेऊन चादरीपुढे बसले आणि नाईक जसा आख्यान लावून देतो तसं त्यांनी दहा मिनिटांत ते लावून दिलं. एक राज्य, त्याचा राजा गेलेला, परका राजा बसलेला. राज्यातली माणसं देशोधडीला लागलेली. त्यात तिघं. एक धनुर्धर, ज्याचा बाण चुकत नाही. एक राक्षस, ज्याला सोनं नको, पहिला नंबर हवा. आणि एक संकासुर, त्यानं वेद चोरले आहेत, पण ते वेद आहेत हे त्याला ठाऊक नाही. “शेवटी तिघं एका रिंगणात येणार,” आबा म्हणाले, “ते तुम्हांला सांगून ठेवतो, म्हणजे वाट बघत बसू नका. बघा फक्त, कसे येतात ते.”

शेवट आधीच फोडला म्हणून पोरं खवळली. पण दहा मिनिटांनी कुणाच्या लक्षात नव्हतं.

पाठलागाच्या वेळी मी एक पडताळा घेतला. वाळवंटातला तो भाग दहा मिनिटांहून मोठा आहे. फटफटीवर नकाशा घेतलेला चोर, मागे डाकू, त्यांच्या मागे बुऱ्याची टोळी, मग जपानी घोडदळ, ट्रक, तोफा, आणि या सगळ्यात घोड्यावरून एकटा घुसणारा भला, एका हातानं बंदूक गरकन फिरवून काडतूस चढवणारा. टाळ्यांच्या ठेक्यावर चाललेली फ्लेमेंको ढंगाची धून या वेळी नीट ऐकू येत होती. तीन जागी मी चित्र थांबवलं आणि विचारलं, सर्वांत पुढे कोण? त्याच्या मागे कोण? भला कुठल्या बाजूनं येतोय? तिन्ही वेळा हॉलनं एका सुरात बरोबर सांगितलं. मागच्या रांगेतल्या, मागच्या वेळी उठून गेलेल्या एका काकींनी तर हवेत बोटानं रेघ ओढून दाखवली, की जपानी डावीकडून येतायत आणि हे मूर्ख त्यांच्याच तोंडात चाललेत.

हे साधं नाही. सध्याच्या कितीतरी मारधाडपटांत अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला चित्र कापतात, कॅमेरा हलवतात आणि कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. आवाज मोठा केला, की लढाई झाली असं समजतात. किम जी-वून मैदान दाखवतो. रुंद चित्र घेतो, दिशा सांभाळतो, तिघांच्या आकृती अशा निवडतो की धुळीच्या लोटातही टोपीच्या काठावरून माणूस ओळखू यावा. किरीट, मुकुट, बुरखा यांवरून आम्ही कंदिलाच्या उजेडात पात्र ओळखायचो, तेच हे. ‘कथेपेक्षा दृश्याला महत्त्व’ असं म्हणताना आपण हे विसरतो, की असं दृश्य रचणं हीसुद्धा कथा सांगण्याची मेहनत आहे. कोण कुठे आहे, कुणाला काय हवं आहे आणि मधे काय आडवं आलं आहे, या तीन गोष्टी जर डोळ्यांना कळत असतील, तर त्या दहा मिनिटांत गोष्ट नाही असं मी म्हणणार नाही.

जिथे सिनेमा खरोखर घसरतो

मग तो निर्दोष आहे का? नाही. आणि त्याचा दोष लोक दाखवतात त्या जागी नाही.

मधे एका रात्रीच्या मुक्कामात भला आणि तिरपागडा शेजारी पडून देश गेलेल्या माणसांविषयी बोलतात. शांत प्रसंग आहे, सुंदर आहे. दुसऱ्या प्रयोगात मास्तर त्या वेळी पुढे वाकून बसले होते. पण सिनेमा तिथून पुढे निघाला तो मागे वळून बघतच नाही. मांचुरिया, परागंदा लोक, स्वातंत्र्यसैनिक हे सगळं सजावटीसारखं मागे राहतं. घोडे एवढे सुंदर धावतात की ते कुणाच्या जमिनीवर धावतायत हे विसरलं जातं. मला हे लागलं.

त्याहून मोठी घसरण शेवटी आहे. तिघं रिंगणात उभे राहतात आणि तिथे बुरा उलगडा करतो, की वर्षांपूर्वी ज्यानं त्याचं बोट छाटलं तो कुप्रसिद्ध ‘बोटं तोडणारा’ म्हणजे दुसरा कुणी नसून हा हसवणारा तिरपागडाच. धक्का जबरदस्त आहे. पण तो शब्दांनी येतो. सगळा सिनेमा चित्रानं बोलला आणि सर्वांत मोठी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा पात्रं उभी राहून बोलायला लागली. त्याआधीचे इशारे आमच्या हॉलमध्ये एकाच्याही लक्षात राहिले नव्हते, ना पहिल्या वेळी, ना दुसऱ्या. दोन तास हलक्या पायांनी धावलेला सिनेमा अचानक वजन मागतो, आणि ते वजन त्यानं कुठे साठवलेलं नसतं. कोरियातल्या आणि परदेशांतल्या आवृत्त्यांचे शेवट वेगवेगळे आहेत, हेही मला या संदर्भात बोलकं वाटतं.

तेल उसळतं, खजिना म्हणजे जमिनीखालचं तेल होतं हे कळतं. चीनच्या त्या ईशान्य भागात दाचिंगचं प्रचंड तेलक्षेत्र पुढे १९५९ साली खरोखर सापडलं. हे मी सांगितल्यावर मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पायाखाली काय आहे ते एकालाही ठाऊक नव्हतं. हे त्यानं आधी जरा तरी पेरायला हवं होतं.”

दिवे लावले तेव्हा साडेदहा वाजले होते. या वेळी कुणी उठून गेलं नव्हतं. खुर्च्या रचताना आबा माझ्याजवळ आले. दुसऱ्यांदा बघूनही बोटाचा तो प्रसंग त्यांना पटला नव्हता आणि त्यांना त्याचं मनापासून वाईट वाटत होतं, कारण बाकीचं त्यांना आवडलं होतं.

“आमचा संकासुर हसवतो,” ते म्हणाले, “पण त्याची लाल जीभ पहिल्यापासून बाहेर असते. पोरं हसतात आणि घाबरतातही. ह्यांनी जीभ शेवटपर्यंत लपवून ठेवली.” मग त्यांनी बाकड्यावर बसून, डाव्या हाताची मूठ उघडत-मिटत, आगगाडीतला तो पहिला प्रवेश, जीभ आधीच दिसेल असा, आपल्या मनाप्रमाणे करून दाखवला: चोर डब्यात शिरतो, हातमोजा काढतो, बंद पेटीला चिमुकली सुरी लावतो, सफाईनं फिरवतो, आणि ती सुरी पुसून ठेवताना क्षणभर एकटा असल्यासारखा थांबतो. संवाद एकही नाही. बारावीतला तो मुलगा चादर घडी करायची सोडून बघत उभा राहिला.